प्रबोधनपर काहीतरी द्या म्हणे

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. दादरच्या एका वाचनालयात (नाव घेत नाही, माझं डिपॉझिट अडकलंय तिथे) किशोर विभागाला एक पुस्तक भेट द्यायला गेले होते. समितीतल्या एका काकांनी मागचा मजकूर वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "विषयाला आमची हरकत नाही हो ताई. पण अशा नाजूक विषयावर ही थट्टामस्करी? काहीतरी प्रबोधनपर असेल तर द्या."

प्रबोधनपर!

पुस्तक होतं टी. जे. क्लूनचं 'द एक्स्ट्राऑर्डिनरीज', २०२० सालची विनोदी इंग्रजी कादंबरी. निक बेल नावाचा समलिंगी मुलगा. एडीएचडी आहे (म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही), त्यामुळे डोकं आणि तोंड दोन्ही सुसाट. नोव्हा सिटीतल्या शॅडो स्टार नावाच्या सुपरहिरोवर त्याचा इतका जीव की त्याच्यावर भल्यामोठ्या फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यानं रचलेल्या गोष्टी, लिहून नेटवर टाकतो. मग ठरवतो, आपणही सुपरहिरो व्हायचं. अंगात शक्ती शून्य, उत्साह उतू चाललेला. आणि त्याचा जिवलग मित्र सेथ त्याच्याकडे कसा बघतो ते सगळ्या वाचकांना दिसतं, फक्त या गाढवाला दिसत नाही. मी लेडीज डब्यात वाचताना अशी खिदळले की समोरच्या बाईंनी गजऱ्याची पुडी बाजूला ठेवून विचारलं, "काय झालं?"

हेच पुस्तक आधी भाच्याला दिलं होतं. अकरावीत आहे. हातात घेतल्या घेतल्या त्याचा पहिला प्रश्न: "मावशी, शेवटी हा मरत नाही ना?"

(त्यानं मला काही सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही. तुम्हीही कमेंटमध्ये अंदाज बांधू नका.)

हा प्रश्न त्याला पडला कसा, सांगा ना. फास्टर फेणे वाचायला घेताना आपल्याला पडला होता? फुरसुंगीचा बन्या विहिरीत पडो नाहीतर चोरांच्या तावडीत सापडो, 'ट्टॉक्' करून सुटणारच, ही खात्री घेऊनच आपण पान उलटायचो. आणि अशा मुलामुलींच्या वाट्याला आपण काय दिलं? तेंडुलकरांनी १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणली, केवढं धाडस, दंडवत त्यांना. पण त्यातली मुलीवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. सचिन कुंडलकरांच्या कादंबरीचं, 'कोबाल्ट ब्लू'चं, तर मला भारी वेड, आणि ते मिटताना घशात आवंढा. थोर आहेत ही दोन्ही, वाद नाही. पण सोळाव्या वर्षी आपल्यासारखं कुणी भेटावं ते दरवेळी मयतालाच का?

६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा आपल्या सगळ्यांच्या फेसबुकच्या भिंती सप्तरंगी झाल्या होत्या. काकांचीही झाली असेल. सहानुभूतीला सगळे एका पायावर तयार असतात. पण त्याच मुलानं मूर्खपणा करावा, चुकीच्या माणसावर भाळावं, फजिती करून घ्यावी आणि तरी सुखात राहावं, हे म्हटलं की लगेच 'विषय नाजूक'.

बरं, मान्य. पुस्तक लांबलंय. निकचा बाप पोलीस आहे आणि पोलिसांबद्दल लेखक भलताच भाबडा आहे, ते खटकतंच. इंग्रजीही अमेरिकन शाळकरी पोरांची, वाचनालयातल्या निम्म्या मुलांना जड जाईल. काकांनी हे म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. ते म्हणाले थट्टामस्करी!

आणि काका वाईट नाहीत हो, तीच तर पंचाईत. माझ्या बाबांना गुडघेदुखीत घरपोच दिवाळी अंक आणून देणारा माणूस. त्यांनाही बहुधा कुणी या विषयावर हसवलेलंच नाही.

भाच्याला मी म्हटलं होतं, "नाही मरत रे, वाच." मग रात्री उशिरा बाहेरच्या खोलीतून फसकन हसू आणि "काय बावळट आहे हा मुलगा!" ताई झोपेतूनच ओरडली, लाइट बंद कर. त्यानं केला नाही. दुसऱ्या दिवशी विचारतो, याचा पुढचा भाग आहे का. आहे, दोन आहेत.

तर वाचनालयानं परत केलेली ती प्रत माझ्याकडे पडून आहे. शिवाजी पार्कच्या आसपास कुणाला हवी असेल तर इनबॉक्स करा. पानं दुमडायची नाहीत आणि परत करायची. प्रबोधन हवं असेल त्यांनी कृपया दुसरीकडे बघावं.