‘एक्सेल सोडा, पायथन धरा’ या सल्ल्यात काय चुकतंय

कॉमर्स झालेल्या मुलामुलींच्या आणि ऑफिसात एमआयएस, म्हणजे आकड्यांचे नियमित अहवाल, सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. आशय असा: एक्सेल कालबाह्य झालं आहे. त्यात चुका होतातच, गंभीर विश्लेषण त्यात होऊच शकत नाही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा किंवा पॉवर बीआय हे आलेख-अहवालांचं सॉफ्टवेअर शिका, डेटा टाका, निष्कर्ष सॉफ्टवेअरच काढून देतं. संख्याशास्त्राच्या भानगडीत पडायची गरज नाही. खाली बहुतेक वेळा एखाद्या क्लासची लिंक असते. हे वाचून नीट काम करणारी माणसं धास्तावतात आणि पगाराला न झेपणारी फी भरून बसतात. त्याचा मला मनापासून राग येतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘एक्सेलमुळे घोटाळे होतात’ याचा पुरावा म्हणून ब्रिटनचं उदाहरण हटकून दिलं जातं. घटना खरी आहे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले कोरोनाचे १५,८४१ बाधित तिथल्या रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही त्यामुळे लांबला. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फायलींत भरली जात होती. त्या प्रकारात ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढच्या गळल्या. पण २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. तेरा वर्षांपूर्वीच मागे पडलेला प्रकार तिथे वापरात होता. शिवाय आत किती ओळी आल्या आणि पुढे किती गेल्या हे रोज जुळवलं असतं, तर गळती पहिल्याच दिवशी दिसली असती. पतसंस्थेतला कॅशियर संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जात नाही, तेवढीच ही गोष्ट आहे.

‘पायथनमध्ये असं होत नाही’ हा पुढचा दावा. सांगलीच्या एखाद्या हळद व्यापाऱ्याची यादी डोळ्यासमोर आणा. हळदीचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाला दिलेला क्रमांक, ०९१० ने सुरू होतो. एक्सेलच्या साध्या सेलमध्ये ०९१० टाइप करून एंटर मारलं की ९१० उरतं. बिल नंबर ३-१२ असेल तर त्याची तारीख होते. (याच तारखेच्या खोडीपायी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलली, २०२० मध्ये त्यासाठीचे नवे नियम जाहीर झाले.) आता मूळ शून्य शाबूत असलेली तीच यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, करून पायथनच्या पांडाज लायब्ररीत (तक्ते हाताळणाऱ्या तयार कोडच्या संचात) उघडा. कोडचा रकाना मजकूर म्हणून वाचायला सांगितलं नाही, तर शून्य तिथेही गळतं. पुढे खरेदीची यादी आणि पुरवठादारांची यादी जीएसटी नंबरावर जोडा. एकच नंबर दोन्हीकडे दोन-दोनदा असेल तर दोनाच्या चार ओळी होतात, बेरीज फुगते, आणि पांडाज चकार शब्द काढत नाही. एक्सेलच्या व्हीलुकअपमध्ये, म्हणजे दुसऱ्या यादीतून किंमत शोधून आणणाऱ्या सूत्रात, शेवटचा ‘फॉल्स’ (तंतोतंत जुळलं तरच घे) द्यायचा राहिला, तर जवळपासची किंमत गुपचूप उचलली जाते. दोन्हीकडचे खड्डे वेगळे, पण खड्डे आहेतच. ते माहीत असलेला माणूस कुठल्याही साधनात बरं काम करतो.

या मजकुरातली एक गोष्ट मात्र पूर्ण मान्य आहे: कोड, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहिला की काय केलं ते दुसऱ्याला वाचता येतं. एक्सेलमध्ये सूत्रं सेलच्या पोटात दडलेली असतात. रेनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ टक्क्यावर येते. खर्चकपातीच्या बाजूने बोलणारे राजकारणी या निष्कर्षाचा आधार घेत राहिले. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ एक्सेल फाइल मागवून घेतली, तेव्हा सरासरीच्या सूत्रात ४९ व्या ओळीपर्यंतची निवड ४४ व्या ओळीतच थांबलेली सापडली. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क बाहेर राहिले होते. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांच्या हिशोबात तीच सरासरी २.२ टक्के आली.

फिरणाऱ्या मजकुरात ही गोष्ट इथेच संपते. पण त्या सुटलेल्या ओळींनी निकाल थोडाच हलला होता. मोठा फरक पडला तो काही देशांची काही वर्षं गाळल्याने आणि सरासरीला दिलेल्या वजनाने. न्यूझीलंडचं एकच वर्ष, १९५१, धरलं होतं, उणे ७.६ टक्क्यांचं, आणि त्याला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकंच वजन मिळालं होतं. ही निवड माणसाची होती. हेच काम आर या संख्याशास्त्राच्या भाषेत किंवा पायथनमध्ये केलं असतं तरी न्यूझीलंडचं ते एक वर्ष ब्रिटनच्या १९ वर्षांच्या तोडीला बसलंच असतं, फक्त कोड देखणा दिसला असता. महाराष्ट्रभर माल विकणाऱ्या कंपनीत हे दर महिन्याला घडतं. पुण्याचे शंभर डीलर आणि गडचिरोलीचे तीन, दोन जिल्ह्यांच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढायची आणि मीटिंगमध्ये दाखवायची.

म्हणूनच ‘संख्याशास्त्राची गरज नाही’ हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे १९४० च्या दशकात पीक-कापणी प्रयोगांवर काम करत होते. शेतातला ठरावीक तुकडा मोजून कापायचा, त्यावरून एकूण उत्पादनाचा अंदाज बांधायचा. तुकडा फार लहान घेतला की उत्पादन फुगून येतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कडेवरची झाडं आत धरायची की बाहेर, या प्रश्नात कापणारा माणूस ती आत धरतो आणि लहान तुकड्यात अशा कडेचा वाटा मोठा असतो. असे हजारो तुकडे कापले तरी ही चूक विरत नाही, कारण प्रत्येक वेळी ती एकाच दिशेने होते. आजचा कुठलाही डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आलेखांत दाखवणारा पडदा, ते फुगलेले आकडे घेऊन सुबक आलेख काढून देईल. आकडा कसा गोळा झाला, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

फीबद्दल थोडक्यात. पायथन फुकट आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात खास संख्याशास्त्रासाठी जन्मलेली आर भाषाही फुकट आहे. पॉवर बीआयची डेस्कटॉप आवृत्ती पैसे न देता उतरवता येते. डेटा आणून साफ करणारी, जोडणारी पॉवर क्वेरी तर एक्सेल २०१६ पासून डेटा टॅबमध्येच बसलेली आहे.

शिकू नका असं मी अजिबात म्हणत नाही. तीच दहा कामं दर महिन्याला कॉपी-पेस्ट करून होत असतील, फाइल उघडायला चहा पिऊन होत असेल, किंवा तुमची शीट तुमच्याशिवाय कुणालाच कळत नसेल, तर पुढे जायची वेळ झाली आहे. सुरुवात जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारं विवरण) आणि खरेदी रजिस्टर जुळवण्यापासून करा. एकदा नेहमीच्या पद्धतीने, एकदा पॉवर क्वेरीत. दोन्हीकडे ओळींची संख्या आणि कराची बेरीज लिहून ठेवा. रुपयाचा जरी फरक आला तरी तो कुठल्या बिलात आहे ते सापडेपर्यंत तिसरं साधन उघडू नका.