सॉकेट तोच, पिना तेवढ्याच, तरी चालणार नाही म्हणे!

डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलायचा की नाही, एवढा साधा प्रश्न. पण याचं सरळ उत्तर मिळेल तर शप्पथ!

माझं मशीन २०१६ चं, असेंबल केलेलं. इंटेलचा आय फाइव्ह-६५०० प्रोसेसर, एच११० जातीचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो), सोळा जीबी डीडीआर४ प्रकारची रॅम. मी दहावीच्या गणिताचे व्हिडिओ बनवते. एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवायला लावली, की प्रोसेसरचे चारही कोअर, म्हणजे आतले काम करणारे भाग, शंभर टक्क्यांवर जातात आणि माऊससुद्धा अडखळत सरकतो. आता कृपा करून ‘एसएसडी टाक’ म्हणू नका. ती केव्हाच टाकलीय, आणि तिचा फायदाही झालाय. मशीन झटकन चालू होतं आणि मग एक्स्पोर्टला तासभर बसून राहतं.

माझ्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, एलजीए ११५१. त्यात इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर बसतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तिचंही सॉकेट एलजीए ११५१. आकार तोच, पिना तेवढ्याच. पण जुन्या बोर्डावर चालणार नाही, ३०० सीरिजचा नवा बोर्ड घ्या! कुलपाला किल्ली बसते, पण घरमालक म्हणतो दरवाजाच नवा घ्या, तसला हा प्रकार. कारण काय, तर सहा कोअरना जास्त वीज लागते म्हणून पिनांची वाटणी बदलली. बरं बाबा, सहा कोअरचं समजलं. मग आय थ्री-८१०० ला का अडवलंत? त्याला चारच कोअर आणि ६५ वॉट, माझ्या ६५०० इतकेच! हौशी पोरांनी बायोस, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा मूळ प्रोग्रॅम, बदलून आणि काही पिनांवर चिकटपट्टी लावून असले प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवूनही दाखवले. म्हणजे अडचण तांब्याच्या तारांत नव्हतीच, ती विक्री खात्यात होती.

आणि हे असंच असतं असं कुणी सांगू नका. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिचं एएम४ सॉकेट बघा. २०१७ मध्ये तिचे पहिले रायझन प्रोसेसर आले तेव्हाच्या कित्येक बोर्डांवर आज ५००० सीरिजचा प्रोसेसर बसतो, फक्त बायोस अपडेट करायचं. त्यांनीही आधी आढेवेढे घेतलेच होते, पण शेवटी २०२२ मध्ये दिलं. म्हणजे मनात असलं की जमतं.

राहता राहिला माझ्यापुढे एकच रस्ता, सातव्या पिढीचा सेकंडहँड आय सेव्हन-७७००. चार कोअर, आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं. तो घ्यायचा तर आधी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा, मधे लाइट गेली तर बोर्डाला रामराम. आणि भाव ऐका! इतक्या वर्षांचा वापरलेला माल, गॅरंटी म्हणजे दुकानाची पायरी उतरेपर्यंत, तरी असा भाव सांगतात की त्यात थोडी भर घातली तर नवाकोरा आय थ्री-१२१०० यावा. तो आय थ्री या जुन्या आय सेव्हनच्या पुढे पळतो! पण मला तो बसवता येत नाही, कारण पुन्हा सॉकेट. जुन्या बोर्डवाल्यांना दुसरा पर्यायच नाही, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे.

यावर कळस म्हणजे विंडोज ११. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि अकरा अधिकृतपणे ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि तिच्या पुढचेच, त्याआधीचे दोनचार अपवाद सोडले तर. म्हणजे जानेवारी २०१७ चा आय सेव्हन-७७००के, त्या वेळचा घरगुती मशीनमधला राजा, यादीबाहेर. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेला गरीब आय थ्री-८१०० यादीत! वेगावर ठरवलं म्हणावं तर हे कसं? जुगाड करून अकरा टाकता येतं, माहीत आहे. पण ज्या मशीनवर पोरांच्या फीचे हिशेब आहेत त्यावर जुगाड का करू मी?

मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदार मशीनकडे न बघताच म्हणाला, “मॅडम, सगळंच बदलायला लागेल. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस.” मी म्हटलं, “रॅम का? बाराव्या पिढीला डीडीआर४ वाले बोर्ड मिळतात की.” तर म्हणे, “मिळतात, पण आता कोण घेतं!” मी घेते ना! एआयच्या डेटा सेंटरांपायी मेमरीचे भाव आभाळाला भिडलेत, आणि हा माझी धडधाकट सोळा जीबी रॅम भंगारात काढायला निघाला. एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचंही तेच. साडेपाचशे वॉटचा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही, त्याला काय धाड भरलीय? वर शेवटी हळूच सांगतो की मशीनबरोबर आलेलं विंडोज ओईएम, म्हणजे त्याच मशीनला बांधलेलं, असेल तर नव्या बोर्डावर ते चालत नाही, तेही नवीन घ्या. वा रे वा. प्रोसेसर बदलायला गेले आणि कॅबिनेटचा पत्रा तेवढा माझा उरला.

सेकंडहँड आय सेव्हन मी घेणार नाही, हे मात्र ठरलं. मेलेल्या सॉकेटवर एक रुपया घालायचा नाही. विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे जादा अपडेट मिळतात, ते चालू केलेत. तोवर डीडीआर४ चा बोर्ड आणि आय थ्री-१२१०० एवढंच घ्यायचं, तेही जो दुकानदार रॅमचा ‘र’ सुद्धा काढणार नाही त्याच्याकडून. आणि ‘अगं, एक चांगला लॅपटॉपच घे ना’ म्हणणाऱ्या तमाम हितचिंतकांनो, पैसे पाठवा, लगेच घेते.