नसलेली मेथड मागितली तर रीडायरेक्ट नको, नकारच द्या

जळगाव-धुळ्याच्या जावा मंडळींत एक सल्ला फिरतोय: वेब सर्व्हिसकडे (दुसऱ्या प्रोग्रॅमना नेटवरून कामं करून देणारा प्रोग्रॅम) नसलेल्या मेथडची, म्हणजे तिच्यात नसलेल्या कामाची, विनंती आली की ३०२ हा 'दुसरीकडे जा' सांगणारा रीडायरेक्टचा कोड देऊन मदतीच्या पानावर वळवा. म्हणे क्लायंटला, म्हणजे विनंती पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला, एरर दिसत नाही, जुनं सॉफ्टवेअर चालत राहतं आणि हॅकरला मेथडची नावं कळत नाहीत. नवी मुलं हे जसंच्या तसं प्रोजेक्टमध्ये टाकतायत, म्हणून लिहितोय.

एरर दिसत नाही, हेच तर संकट. समजा, रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर ट्रकची नोंद पोस्टने (डेटा पाठवायची एचटीटीपी विनंती) पाठवतं आणि ती मेथड तुम्ही काढून टाकलीय. ३०२ मिळाला की विनंती पाठवणारा जावाचा जुना क्लास एचटीटीपीयूआरएलकनेक्शन, वेगळी सेटिंग नसेल तर, पोस्टचं गेट, म्हणजे नुसतं पान मागणारी विनंती, करून टाकतो. नोंदीचा डेटा तिथेच गळतो. मदतीचं पान मात्र २०० म्हणजे 'सगळं ठीक' हा स्टेटस घेऊन येतं आणि फक्त स्टेटस बघणारा प्रोग्रॅम नोंद झाली असं धरून पुढे जातो. ट्रक सावद्याहून निघालेला, नोंद कुठेच नाही. हिशेब जुळेना की बोलणी खातो तो काउंटरवरचा ऑपरेटर, ज्याचा यात काडीचा दोष नाही.

जुनं सॉफ्टवेअर चालतं, हेही खरं नाही. ज्याला जेसन किंवा एक्सएमएल या फॉरमॅटमधला डेटा हवाय, त्याच्या हाती एचटीएमएल पडलं तर तो डेटा वाचणाऱ्या पार्सरमध्येच अडकतो. जावा ११ मधला नवा एचटीटीपीक्लायंट तर सांगितल्याशिवाय रीडायरेक्ट पाळतच नाही. आणि सोपमध्ये (एक्सएमएल निरोपांवर चालणारी वेब सर्व्हिस) बहुधा सगळ्या मेथड एकाच पत्त्यावर असतात, नाव बॉडीच्या आत. यूआरएल बघून वळवणाऱ्या फिल्टरला काय मागितलंय ते कळणार कसं? तिथे सोप फॉल्टच, म्हणजे सोपचा ठरलेला एरर निरोप, द्यायचा.

सुरक्षेचं म्हणाल, तर सर्व्हिसचं वर्णन देणारी डब्ल्यूएसडीएल फाइल उघडी असेल तर सगळी नावं तिच्यातच आहेत.

मेथडचं नुसतं नाव बदललं असेल तर जुनी मेथड ठेवा, ती आतून नवीला कॉल करेल. पत्ता कायमचा हलला असेल तर ३०८ हा रीडायरेक्ट द्या. त्यात पोस्ट पोस्टच राहतं. फक्त तुमचे क्लायंट तो पाळतात का, हे आधी तपासा. मेथड नाहीच, तर रेस्टमध्ये (साध्या एचटीटीपी विनंत्यांवर चालणारी सर्व्हिस) ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. पत्ता आहे पण पोस्ट चालत नाही, तर ४०५ आणि सोबत काय चालतं ते सांगणारा अलाउ हेडर. जावात रेस्ट लिहायच्या जॅक्स-आरएसमध्ये २.० पासून नॉटफाउंडएक्सेप्शन तयार मिळतं. त्याचा एक्सेप्शनमॅपर (एररचं उत्तर बनवणारा क्लास) लिहा, जेसनमध्ये नीट कारण द्या आणि मागितलेला पत्ता लॉगमध्ये टाका. कोणता क्लायंट अजून जुनीच मेथड मागतोय, ते त्या लॉगवरून कळेल. त्याला फोन करून अपडेट करायला सांगता येईल.