नाक आहे, गंधकाची कांडी आहे, मग ही भुकटी कशाला?

दादा, वीजवाहक सच्छिद्र पदार्थांच्या भुकटीपासून वायू ओळखणारे सेन्सर करता येतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “नोबेलवाल्यांचं कौतुक पुरे. आमच्या चिलिंग प्लांटात अमोनिया सुटला की नाकाला आधी कळतं, जागा गंधकाच्या कांडीनं सापडते. सेन्सरच पायजे तर स्वस्तातला मिळतोय की. आणि आषाढात तुमची भुकटी टिकंल व्हय?”

कांडीबद्दल वाद नाही. व्हॉल्व्हच्या ग्लँडजवळ (दांड्याभोवतीच्या सीलजवळ) पेटती कांडी नेली आणि पांढरा धूर उठला की गळती तिथंच. पण कांडी पेटवायची वेळ झाली हे नाकानंच सांगायचं ना? कॉम्प्रेसर रूममध्ये पाळ्या काढणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. बाहेरचा माणूस दारातच रुमाल काढतो आणि आतला विचारतो, “कुठं काय?” आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेत शिफारस आहे ती सरासरी जास्तीत जास्त 25 पीपीएमची, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग अमोनिया. तिथं सरावलेल्या नाकावर मी तरी विसंबणार नाही.

स्वस्तातला सेन्सर बहुधा टिन ऑक्साइडचा. त्याला आत हीटर लागतो, साधारण 200 ते 400 अंशांचा. शिवाय अमोनिया, अल्कोहोल, धूर, सगळ्यालाच तो बोंब मारतो. शेजारी कुणी स्पिरिटनं हात पुसले तरी!

माझा मुद्दा नेमका इथं होता. 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं ते धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांसाठी. त्यातल्या बहुतेक जाळ्यांतून वीज जातच नाही. 2015 मध्ये एमआयटीतल्या मिर्चा दिंका यांच्या गटानं तांब्याची वीज वाहणारी जाळी केली, ती द्रवात कालवून थेंब सोडला, सुकवला, झाला सेन्सर. 1 पीपीएमच्याही खालचा अमोनिया त्याला कळला. तीच रचना निकेलची केली तर अमोनियाला दादच नाही. म्हणजे कुठल्या वाफेला ओळखायचं हे धातू बदलून ठरवता येतं. अशा दोन-तीन जाळ्या शेजारी ठेवल्या की त्यांच्या एकत्रित प्रतिसादावरून वाफांचे प्रकार वेगळे काढता येतात, हेही त्याच गटानं दाखवलं.

आषाढाचं मात्र बरोबर बोललात. पाण्याची वाफही त्याच छिद्रांत शिरते आणि जाळीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलते; सेन्सर मोजतो तो हाच बदल. प्रयोगशाळेतली मोजून सोडलेली हवा वेगळी, आपल्याकडची पावसाळी हवा वेगळी. म्हणून भुकटी विकत घ्या असं मी लेखात कुठंही म्हटलेलं नाही. तुमच्या भिंतीवर इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर असेल तर तो राहू द्या, फक्त त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली नाही ना, तेवढं उद्या पाळीवर गेल्यावर बघा.