बिऱ्हाड कुठं मांडायचं? डेन्वर की सिअ‍ॅटल?

ऑक्सिमीटरवर ८८ दिसलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. डेन्वरच्या पूर्वेला ऑरोरात मैत्रिणीकडे आम्ही सगळे उतरलो होतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवलेले, खांदे वर ओढलेले. आई त्यांची पाठ चोळत होत्या. "काही नाही गं, आडवं झालं की जरा जड वाटतंय," एवढं एक वाक्य बोलायला बाबांना दोनदा थांबावं लागलं.

न्यू जर्सीत, एडिसनच्या घरी, हाच आकडा ९५ असायचा.

गेल्या महिन्याभरात चार जणांनी मेसेज करून विचारलं की न्यू जर्सी सोडताना तुम्ही डेन्वर का नाही निवडलं, सिअ‍ॅटल कसं आहे, आम्हालाही दोन्हीकडून ऑफर आहे, काय करू. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. इथं आता आमचा एक पूर्ण हिवाळा काढून झालाय, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आलाय असं मला वाटतं.

नवऱ्याच्या कंपनीनं न्यू जर्सीचं ऑफिस बंद करायचं ठरवलं आणि पर्याय दिले दोन: डेन्वर किंवा सिअ‍ॅटलच्या बाजूचं रेडमंड. पगारात नावापुरता फरक. आम्ही एक्सेल उघडून बसलो. मी अकाउंट्सचं काम करते, त्यामुळे शीट माझ्याकडेच आली. आणि खरं सांगते, त्या शीटमध्ये डेन्वर सरळ सरळ जिंकत होतं.

घराचंच बघा. सिअ‍ॅटलशेजारच्या बेल्व्ह्यू-रेडमंडला तीन बेडरूमच्या साध्या घराला दहा लाख डॉलर्सच्या खाली हात घालता येत नाही. डेन्वरच्या उपनगरांत सहा-सात लाखांत अंगण आणि बेसमेंटसकट घर मिळतं. वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही, कोलोरॅडोत सव्वाचार-साडेचार टक्क्यांच्या आसपास जातो, पण सिअ‍ॅटलकडे सेल्स टॅक्सच दहा टक्क्यांच्या वर आहे आणि भाडं त्याहून जीव काढतं. नुसता "टॅक्स नाही" म्हणून हुरळून सिअ‍ॅटलला येणाऱ्यांनी हे आधी मांडून बघावं.

धाकटीचा हिशोब तर मला कुणी सांगितलाच नव्हता, आणि तो फार मोठा निघाला. तिचा वाढदिवस १२ सप्टेंबरचा. कोलोरॅडोत १ ऑक्टोबरपर्यंत पाच पूर्ण होत असतील तर साधारणपणे त्याच ऑगस्टमध्ये किंडरगार्टन, म्हणजे पहिलीच्या आधीचं शाळेचं वर्ष, सुरू होतं. वॉशिंग्टनमध्ये तारीख ३१ ऑगस्ट. बारा दिवसांसाठी मुलगी एक आख्खं वर्ष मागे, आणि ते वर्ष डे-केअरचं, महिन्याला दोन हजार डॉलर्सच्या वर. शिवाय कोलोरॅडोत २०२३ पासून किंडरगार्टनच्या आधीच्या वर्षाला आठवड्याचे काही तास सरकारी खर्चानं प्रीस्कूल मिळतं. ज्यांची मुलं ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात जन्मलीत त्यांनी राज्य बदलण्याआधी ही एक तारीख बघाच. पुढं ती पोर आयुष्यभर कुठल्या वयाच्या मुलांबरोबर शिकणार हे त्यावर ठरतं.

तर शीट डेन्वर म्हणत होती, नवरा डेन्वर म्हणत होता, थोरला तर डोंगरांचे फोटो बघून बॅग भरून तयार होता. मीच म्हटलं की दोन्हीकडे चार-चार दिवस राहून येऊ, आणि आई-बाबांना घेऊनच जाऊ. ते तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेलेच होते. बाबा म्हणाले, "अगं, तुम्ही कुठंही घ्या. आम्ही काय, दोन दिवसांचे पाहुणे." दर वर्षाआड सहा महिने येणारे दोन दिवसांचे पाहुणे नसतात. आमच्या घरात दुपारी दोन वाजता कोण असतं? नवरा ऑफिसात, मुलं शाळेत, मी लॅपटॉपसमोर. घरात फक्त ते दोघं. गाडी चालवता येत नाही, इंग्रजी बेताचं, आणि बाबांना जुनं सीओपीडी, म्हणजे दम लागणारा फुप्फुसांचा आजार.

सिअ‍ॅटलला आम्ही मुद्दाम फेब्रुवारीत गेलो. जुलैत जाऊन सिअ‍ॅटल पसंत करू नका, एवढं माझं ऐकाच. जुलैत रात्री नऊ वाजता उजेड असतो, माउंट रेनियर समोर उभा असतो, कुणीही भुलेल. फेब्रुवारीत आम्हाला चारही दिवस मळभ मिळालं. सिअ‍ॅटलचा पाऊस म्हणून जो बदनाम आहे तो आपल्याला पाऊस वाटणारच नाही. वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, मुंबईत एकट्या जुलैत त्याच्या जवळपास पडतो. इथं नुसती पिरपिर असते, छत्रीही कुणी उघडत नाही. जाच असतो तो आभाळाचा. दिवसेंदिवस करड्या चादरीखाली राहायचं. डिसेंबरात आठ वाजता उजाडतं आणि चार वीसला मावळतं.

त्याच ट्रिपमध्ये तिसऱ्या दिवशी, पावसात कुठं जायचं म्हणून, आम्ही बेल्व्ह्यूच्या क्रॉसरोड्स मॉलमध्ये गेलो. तिथं जमिनीवर भलामोठा बुद्धिबळाचा पट आहे, सोंगट्या उचलायला वाकावं लागतं. भोवती खुर्च्या, खाण्याचे ठेले, आतच एक लायब्ररी. खुर्च्यांवर निवृत्त माणसं बसलेली, रशियन, चिनी, आपल्याकडची. बाबा बघत उभे राहिले. अर्ध्या तासानं एका पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी त्यांना हातानंच बोलावलं. दोघांना एकमेकांची भाषा शून्य. बाबा "घोडा" म्हणून घोडा उचलत होते, ते काहीतरी स्वतःच्या भाषेत म्हणून उंट सरकवत होते. चाळीसेक मिनिटं डाव चालला. बाबा वाकत होते, उठत होते, पटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात होते, आणि त्यांना दम लागला नाही. हे त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते तीन आठवड्यांनी, ऑरोरात, रात्री अडीच वाजता.

डेन्वरला उतरलो तेव्हा लख्ख ऊन होतं. तीन दिवसांपूर्वी पडलेला बर्फ रस्त्याकडेला वितळून वाहत होता आणि पश्चिमेला रॉकीजची ओळ अशी उभी होती की थोरल्यानं "आई, इथंच" म्हणून जाहीर करून टाकलं. ऊन हे तिथलं खरं वैभव आहे, त्यात काही अतिशयोक्ती नाही. माणसं हसरी वाटली. लिटलटनच्या मंदिरात गेलो, जेवून आलो. सगळं छान.

पण दुसऱ्या रात्री थोरल्याचा घोळणा फुटला. हवा इतकी कोरडी की ओठ, टाचा, सगळं तडकतं. मैत्रीण म्हणाली, पहिले काही महिने प्रत्येक खोलीत ह्युमिडिफायर लागतोच. तिच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडायला ठेवले तर शिजेचनात. तिथं पाणी ९५ अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ-बटाट्याला कुकरशिवाय जाऊ नकोस असं तिनं सांगितलं. आणि त्याच रात्री बाबांचा ८८.

डेन्वरला "माइल हाय" म्हणतात हे आम्हाला माहीत होतं. कागदावर आम्ही तो आकडा वाचलाही होता, १६०९ मीटर. पण आपल्या भाषेत तो कुणी सांगितला नव्हता. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे डेन्वरला घर घेणं म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर बिऱ्हाड मांडणं. महाबळेश्वर त्याच्या बरंच खाली राहिलं, आणि बाबांना साताऱ्याहून महाबळेश्वरला नेलं तरी तिथं चढावर थांबत थांबत चालायला लागतं. सकाळी ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी शांतपणे समजावलं की समुद्रसपाटीच्या मानानं इथं हवेचा दाब साधारण १७ टक्क्यांनी कमी, तेवढाच प्राणवायूही कमी मिळतो. धडधाकट माणसाचं शरीर काही दिवसांत जुळवून घेतं. यांना मात्र रात्री ऑक्सिजन लावून झोपावं लागेल अशी शक्यता धरून चाला. आम्ही दोन दिवस आधीच परत फिरलो.

विमानात नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घर नंतर बघू." त्याच्यासाठी ते वाक्य सोपं नव्हतं, हे मला माहीत आहे. नऊ वर्षं आम्ही स्वतःच्या घराची वाट बघतोय आणि डेन्वरमध्ये ते हाताशी आलं होतं. आज आम्ही क्रॉसरोड्सपासून दहा मिनिटांच्या पायवाटेवर दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. धाकटी यंदा शाळेत गेली नाही. हे दोन्ही खर्च आम्ही डोळे उघडे ठेवून केलेत.

माझं म्हणणं एवढंच आहे. शहर निवडताना आपण पगार मिळवणाऱ्याचा दिवस धरतो. त्याचं ऑफिस, त्याचा प्रवास, त्याची करिअर. त्याचा दिवस कुठल्याही शहरात बराचसा सारखाच जातो. ज्या माणसाला गाडी नाही, भाषा नाही, तब्येतीत खेळायला जागा नाही, त्याचा दिवस मात्र शहराबरोबर पूर्ण बदलतो. त्याचा दिवस आधी मांडा. काही घरांत ते सासू-सासरे असतील, काही घरांत वर्क परमिटची वाट बघत बसलेली एच-फोरवरची (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावरची) बायको, काही घरांत दम्याचं लेकरू.

म्हणूनच सिअ‍ॅटल सगळ्यांसाठी असं मी म्हणणार नाही. इथला पहिला डिसेंबर मला जड गेला. शाळेतून मुलाला आणून चहा टाकेपर्यंत बाहेर रात्र. कारण नसताना रडू यायचं, सकाळी अंथरुणातून उठवायचं नाही. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व तपासलं, ते तळाला गेलेलं. गोळ्या, सकाळी अर्धा तास तेजस्वी दिव्यासमोर बसणं, आणि पाऊस असो नसो दुपारी बाहेर चालणं, या तिन्हींनी हळूहळू सावरलं. माझी ती ऑरोराची मैत्रीण बाळंतपणानंतर दोन वर्षं नैराश्यातून गेलेली आहे. तिनं उन्हासाठी डेन्वर निवडलं आणि तिचा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. तिच्या घरात जपायचं माणूस ती स्वतः होती.

आणि धूर. हे इकडे कुणी आपणहून सांगत नाही. उन्हाळा संपता संपता जंगलांना आगी लागतात आणि धूर शहरात उतरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सिअ‍ॅटलची हवा जगातल्या सगळ्यात वाईट हवांमध्ये गणली गेली होती. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत एसी नाही, म्हणजे उकडलं की खिडक्या उघडायच्या आणि धूर आत घ्यायचा. २८ जून २०२१ ला इथं पारा ४२ अंशांवर गेला होता. बाबांसाठी म्हणून आम्ही एसी असलेलाच फ्लॅट शोधला, एअर प्युरिफायर घेतला आणि त्यांच्या येण्याचे महिने बदलले. पूर्वी ते डिसेंबरात यायचे. आता मार्चमध्ये यायचं आणि ऑगस्ट उजाडता परत जायचं. अंधारही चुकतो, धूरही चुकतो, आणि गणपतीला दोघं साताऱ्यात हजर. हे आईंना सगळ्यात जास्त आवडलं.

आगीच्या बाबतीत डेन्वरकडेही निर्धास्त राहू नका. ३० डिसेंबर २०२१ ला, ऐन थंडीत, बोल्डरजवळ लुइसव्हिल आणि सुपीरियर या गावांत हजारावर घरं एका दिवसात जळाली. तिकडे गारांचंही मोठं प्रस्थ आहे. मे २०१७ च्या एका गारपिटीत दोन अब्ज डॉलर्सच्या वर नुकसान झालं होतं. त्यामुळे घराच्या विम्यात छपराची अट काय आहे, गारपिटीला वेगळं डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) आहे का, हे सही करण्याआधी वाचा. नव्या कॉलनीत घर बघत असाल तर "मेट्रो डिस्ट्रिक्ट" आहे का तेही विचारा. रस्ते-गटारांसाठी काढलेलं कर्ज घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून वर्षानुवर्षं फेडलं जातं, आणि जाहिरातीतल्या किमतीत ते दिसत नाही.

एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीनं काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर, असाल तर राजीनामा-सामान-शाळा याच्या आधी वकिलाला गाठा. कंपनी तीच असली तरी कामाची जागा दुसऱ्या शहरात गेली की पिटिशन (कंपनीनं सरकारकडे केलेला व्हिसाचा अर्ज) दुरुस्त करून घ्यावं लागतं. ग्रीन कार्डची पर्म, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी, जागेला बांधलेली असते, ती बहुतेक वेळा नव्यानं करावी लागते. आय-१४० (पर्मनंतरचा कंपनीचा ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर झालेलं असेल तर रांगेतली जुनी तारीख सहसा टिकते, पण ते आपल्या केसपुरतं लेखी विचारून घ्या.

आई-बाबांची मार्चची तिकिटं काढून झालीत. ६५ वरच्यांना इथल्या बसला सवलतीत एक डॉलर पडतो, त्याचं कार्ड करून घ्यायचं आहे. बी लाइनची बस घरापासून क्रॉसरोड्सला जाते, पावसात चालायला नको. परवा फोनवर बाबांनी हवापाणी विचारलं, मुलांचं विचारलं, आणि मग जरा थांबून म्हणाले, "ते दाढीवाले अजून येतात का गं तिथं?" मी शनिवारी जाऊन बघून आले. येतात.

ज्यांनी मेसेज केले होते त्यांनी आणि आणखी कुणाला विचारायचं असेल त्यांनीही कमेंटमध्ये विचारा. फक्त विचारताना घरात कोण कोण आहे, कुणाला काय त्रास आहे आणि मुलांच्या जन्मतारखांचे महिने कुठले, एवढं आधी लिहा.