दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: इंडक्शन, रॉड आणि हरिहरेश्वरची रात्र

नमस्कार ताई,

उत्तराला नऊ दिवस लागले, त्याबद्दल आधी माफी. गाडी परत आल्यावर सीटखालची सगळी वायरिंग उघडून पाहिल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. बॅटरीच्या मॉनिटरमध्ये तुमच्या तिन्ही दिवसांची नोंद मिनिटामिनिटाची आहे, तीही काढून बघितली.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ताई, त्यांचे मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं पहिल्यांदाच आमची भाड्याची कॅराव्हॅन (आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन कोकणात गेले. "घरातलं सगळं चालेल" हे आमचं वाक्य वाचून घरचं इंडक्शन, मिक्सर आणि पाणी तापवायचा रॉड सोबत घेतला. हरिहरेश्वरला रॉड लावला की लाइट जायची. गाडी रात्रभर होमस्टेच्या लाइटला जोडलेली असूनही सकाळी बॅटरी रिकामी, आणि रात्रभर सीटखालून टक-टक आवाज. सकाळी चहा-चटणीच्या वेळी सगळं बंद पडलं. दुसऱ्या रात्री आंजर्ल्याला प्लग वितळला. तिसऱ्या दिवशी सहल अर्धी टाकून परत. रिव्ह्यूचं शेवटचं वाक्य: "बॅटरी हलकी, ब्रेकर खराब, गाडी नुसती शोपीस."

यातल्या बऱ्याचशा गोष्टींत चूक आमची आहे. ब्रेकरबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

आधी तो टक-टक आवाज. फोनवर तुम्ही "उंदीर शिरलाय बहुतेक" म्हणालात तेव्हा मी हसलो होतो, ते चुकलंच. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला नखाएवढं एक स्विच असतं. ते यूपीएस मोडवर असलं तर बाहेरची लाइट साधारण १८० ते २६० व्होल्टमध्ये असेपर्यंतच इन्व्हर्टर ती घेतो. त्याखाली गेली की त्याच्या लेखी लाइट गेली, आणि तो बॅटरीवर जातो. पुण्यात कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून हे ठीक आहे. पण गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब, त्यात वीस मीटर बारीक वायर ओढलेली, अशा जागी संध्याकाळचं व्होल्टेज १८५ च्या आसपासच असतं. चार्जरने लोड घेतला की ते १८० खाली उतरतं, इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. लोड सुटला की व्होल्टेज वर येतं, तो परत लाइटवर येतो. प्रत्येक वेळी आतला रिले टक करतो. रात्रभर हेच चालू होतं. म्हणजे गाडी लाइटला लावलेली दिसत होती, पण बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत होती. कोकणात जाणाऱ्या गाडीचं ते स्विच वाइड रेंजवर (कमी व्होल्टेजची लाइटही घेणाऱ्या मोडवर) टाकायला हवं होतं. आम्ही टाकलं नव्हतं. तुम्हाला हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

"बॅटरी हलकी" याबद्दल. बॅटरी १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. हिशेबाने २५६० वॅट-अवर, म्हणजे लाइट बिलाच्या भाषेत अडीच युनिट. परत आल्यावर लोड लावून तपासली, भरते तेवढी देते. पण अडीच युनिट म्हणजे किती, हे आम्ही कुणालाच नीट सांगत नाही.

एक लिटर पाण्याचा चहा इंडक्शनवर केला तर एका युनिटचा दहावा भाग जातो. मिक्सर ७५० वॅटचा असला तरी चटणीला दोन मिनिटं लागतात, त्याचं तर नावही घेऊ नका. बॅटरीवरचा फ्रिज दिवसभरात अर्धं युनिट. पंखे, दिवे, मोबाइल यांना कुणी अडवत नाही. खरी मेख अंघोळीच्या पाण्यात. पंधरा लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ वर न्यायची तर ३५० वॅट-अवर लागतातच. रॉडने करा, गिझरने करा, इंडक्शनवर पातेल्यात करा, पाण्याला फरक पडत नाही. रॉड चालेना म्हणून तुम्ही त्या संध्याकाळी पातेल्या-पातेल्याने चार बादल्या तापवल्यात. इन्व्हर्टर आणि भांड्यातली गळती धरून पावणेदोन युनिट तिथेच संपले. बाकी रात्रीच्या पंखे-फ्रिजने खाल्लं. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी मॉनिटर १४ टक्के दाखवतोय, इंडक्शन २००० वर आहे, आणि तेवढ्यात कुणीतरी मिक्सरचं बटण दाबलं.

इन्व्हर्टर २००० वॅटचा. मिक्सरची मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या आकड्याच्या कितीतरी पट ओढते. टाकी भरलेली असती तरी नळ तेवढाच आहे, ताई. १२ व्होल्टवर २००० वॅट द्यायचे म्हणजे बॅटरीतून १७० अँपिअरच्या आसपास करंट जातो; सीटखालची केबल करंगळीहून जाड आहे ती त्यासाठीच. आणि गाडी चालवून बॅटरी भरेल असं आमच्या पोराने तुम्हाला सांगितलं, ते अर्धंच खरं. इंजिनवरून तासाला अर्धं युनिट मिळतं. हरिहरेश्वर ते बागमांडल्याची जेट्टी, फेरीबोट, मग वेसवीहून आंजर्लं, एवढ्या प्रवासात कितीसं भरणार?

आता आंजर्ल्याचा प्लग. तो तुम्ही जपून परत आणलात त्याबद्दल आभार, माझ्या टेबलावरच आहे. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलंय, जळक्या बॅकेलाइटचा वास अजून येतो. त्या रात्री व्होल्टेज चांगलं होतं, त्यामुळे सगळा लोड बाहेरच्या लाइटवर गेला: इंडक्शनचे २०००, बॅटरी रिकामी म्हणून चार्जरचे ६००. मिळून ११ अँपिअरच्या वर. पडवीतला प्लग ६ अँपिअरचा, आणि एक्स्टेंशनची उरलेली वायर वेटोळं करून तशीच ठेवलेली. वेटोळ्यातली वायर गार होत नाही. ज्यांच्या पडवीतला तो प्लग, त्या काकांच्या घराला काही झालं नाही ही देवाची कृपा. ही एक्स्टेंशन आमची होती. असली वायर गाडीत ठेवायलाच नको होती.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण किनाऱ्याला आपल्या नशिबी अजून बहुतेक वेळा कुणाच्या तरी पडवीतला प्लगच येतो. तुम्ही ज्या परदेशी व्हिडिओंचा उल्लेख केलात, तिथे प्रत्येक जागेपाशी खांब असतो आणि त्याला निळा गोल प्लग, बऱ्याच ठिकाणी १६ अँपिअरचा. म्हणजे जवळपास ३७०० वॅट हाताशी. एवढं असूनही तिथले जुने जाणते लोक घरची ३००० वॅटची किटली घरीच ठेवतात आणि हजारच्या आतली वेगळी घेतात.

आणि ब्रेकर. तो खराब नाही. उलट तुमच्या सहलीत आमच्याकडची एकच वस्तू चोख वागली असेल तर ती हीच. ती साधी एमसीबी (नुसता जास्त लोड आला की पडणारी) नाही, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे. आत गेलेला करंट तेवढाच परत येत नसेल, कुठेतरी गळत असेल, तर ती क्षणात लाइट तोडते. तुमचा रॉड गाडीतच राहिला होता. आमच्या वायरमनने तो पाण्यात बुडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, तर इन्सुलेशन जवळजवळ शून्य. बाहेरचं आवरण एका ठिकाणी केसाएवढं चिरलंय, उजेडात धरलं तरच दिसतं. घरी तो चालत होता याचा अर्थ बहुधा तुमच्या बाथरूमच्या लाइनवर आरसीसीबी नाही. सासूबाई बादलीजवळ उभ्या होत्या असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी थोडा वेळ पुढचं वाचलंच नाही.

तरीही मूळ दोष आमच्या त्या वाक्याचा. आम्ही गाडीत घरच्यासारखे १६ अँपिअरचे पॉवर प्लग बसवले, जाहिरातीच्या फोटोत ओट्यावर इंडक्शन मांडलं (ते माझ्या घरचं, फोटोपुरतं आणलेलं), आणि वर लिहिलं, सगळं चालेल. प्लग बसतोय म्हटल्यावर माणूस लावणारच. तो फोटो आणि ते वाक्य दोन्ही काढलंय. आतले पॉवर प्लग काढून ६ अँपिअरचे बसवतोय. ओट्यावर आता ८०० वॅटला लॉक केलेलं आमचंच इंडक्शन असेल, आणि अंघोळीच्या पाण्यासाठी मागच्या दाराशी बाहेर वापरायची गॅसची शेगडी. एक्स्टेंशन जाड तीन-कोअर केबलची, आणि कुठल्याही लाइटला जोडण्याआधी अर्थिंग आणि व्होल्टेज दाखवणारा छोटा टेस्टर. गाडी ताब्यात देताना पंधरा मिनिटांत उरकायचो, आता तास लागतो. परवा एका काकांनी "लग्न लावताय का" म्हणून विचारलं.

तिसऱ्या रात्रीचं भाडं तुमच्या खात्यावर कालच जमा केलंय, आणि आंजर्ल्याच्या काकांना नव्या बोर्डाचे पैसे दिलेत. स्टार बदला असं मी म्हणणार नाही, सहल तर गेलीच.

मिक्सरचं चटणीचं भांडं आणि मुलाची निळी चप्पल कुरिअर केली आहे. रॉड पाठवलेला नाही, तो मुद्दाम वायर कापून ठेवलाय. आणि या आठवड्यात एखादा वायरमन बोलावून बाथरूमच्या लाइनवर आरसीसीबी आहे का ते तेवढं बघून घ्या.