मशीन घेत नाही

दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहूनच टाकतो.

सकाळी शेजारच्या मावशीला घेऊन तिचे पैसे काढायला गेलो होतो. कुठे ते लिहीत नाही. मावशी सत्तरीच्या पुढची, उभा जन्म काजू फोडण्यात गेलेला. आपल्या गोव्यातल्या डिचोली-सत्तरी तालुक्यांत ज्यांच्या घरात हे काम झालंय त्यांना सांगायला नको, टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावली तरी बोटं काळी पडतात, सोलतात, शेवटी गुळगुळीत होतात. तिने ठशाच्या मशीनवर उजवा अंगठा ठेवला. लाल दिवा. डावा ठेवला. लाल. पदराला पुसून पुन्हा. सहाव्या खेपेला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मशीन घेत नाही, नंतर या." मावशीने माझ्याकडे पाहिलं. "पुता, म्हजीं बोटां पाड जाल्यांत काय?"

उभा जन्म राबलेल्या हातांबद्दल, बोटं बिघडलीत का, असं तिने विचारावं! आणि मशीन का घेत नाही, हे त्या खोलीत बहुधा एकट्या मला माहीत होतं.

म्युनिकला मी साडेतीन वर्षं हेच काम केलं. बोटावरच्या रेषा जिथे संपतात, जिथे फुटतात, ते बिंदू टिपायचे, आधी साठवलेल्या बिंदूंशी ताडायचे, गुण द्यायचे. किती गुणांना ‘होय’ म्हणायचं, तो आकडा माणूस ठरवतो. आकडा वर नेला की तोतये कमी घुसतात आणि खरी माणसं जास्त अडकतात. खाली आणला की उलट. हजारात एकच खरा माणूस अडकला तर कागदावर छान दिसतं. एक कोटी लोकांत ते 10 हजार होतात.

चाचणीला बोटं कुणाची? आमची, आणि विद्यापीठातल्या पोरांची. लोण्यासारखी बोटं सगळी. एकदा संध्याकाळी साफसफाईला येणाऱ्या बाईंना मी सहज म्हटलं, तुम्हीही ठेवा. त्या पोर्तुगालच्या होत्या. मी गोव्याचा कळल्यापासून रोज दोन शब्द बोलायच्या. त्यांनी हात एप्रनला पुसून बोट ठेवलं. नाही घेतलं. दहाही बोटं नाही घेतली. त्या हसल्या, बादली उचलून गेल्या. मी त्यांच्या ओळीपुढे ‘अपुरा नमुना’ लिहिलं आणि ती ओळ काढून टाकली. आलेख स्वच्छ झाला. त्या वर्षी मला बढती मिळाली.

आज मावशीने अंगठा पदराला पुसला तेव्हा मला तो एप्रन दिसला.

तंत्रज्ञान काय, चाकूसारखं, वापरणाऱ्यावर अवलंबून, असं मला कृपा करून कुणी ऐकवू नका. मी तो चाकू घडवलाय. कुणाला कापणार हे घडवतानाच ठरलं होतं, कारण कोण मोजायचं आणि कोण वगळायचं हे आम्ही तिथेच ठरवलं होतं. मधले दलाल गेले, खोटी नावं गळाली, हे मान्य. ठसा जुळला नाही तर बुबुळं, ओटीपी असे पर्याय असतात, हेही मान्य. पण ते मावशीला कोण सांगतं?

आपल्याच मातीतले गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी आठवतात. कोसबेनला जन्मलेला माणूस, हार्वर्डमधून 1929 साली परतला. 1948-49 मध्ये युनेस्कोतर्फे इंग्लंड-अमेरिकेत गणनयंत्रांचा अभ्यास करून आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असूनही अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेची बाजू घेत राहिला. आणि एवढा गणिती माणूस गावोगाव पायी हिंडून लोकांचे देव, त्यांच्या रीती समजून घ्यायचा. आमच्या अख्ख्या टीममधला एक जण तरी एखाद्या कारखान्यात जाऊन हात बघून आला असता तर! मीच गेलो असतो तर. मला तर काजूवालीचे हात लहानपणापासून माहीत होते.

भाचा परवा विचारत होता, मामा, चेहरा ओळखणाऱ्या कंपनीची ऑफर आहे, पगार युरोत, जाऊ का? जा म्हटलं. मीही गेलो होतो, कर्ज फिटलं, आईचं ऑपरेशन झालं, तुला कुठल्या तोंडाने अडवू? पण आज रात्री त्याला पुन्हा फोन करणार आहे. त्या बाईंची गोष्ट मी त्याला कधी सांगितलेली नाही. खरं तर कुणालाच नाही.

काउंटरवरच्या मुलावर मी ओरडलो, ते चुकलं. तो कंत्राटावर आहे, त्याला त्या पेटीच्या आत काय आहे ते कुणी दाखवलेलं नाही. निघताना त्यानेच हळूच सांगितलं, साहेब, लेखी अर्ज द्या, मी आत नेऊन देतो.

अर्ज आत्ताच लिहून झाला. मावशीबरोबर काजूवर जाणाऱ्या आणखी दोघी आहेत, त्यांचंही तेच, एकीचे चार महिन्यांचे अडकलेत. उद्या दहाला तिघींना घेऊन जातोय. माझ्या स्कूटरवर एकच मावते. डिचोलीतलं कुणी गाडी घेऊन येऊ शकेल का?